बाबांबरोबर पोर्तो: अडीच दिवस आणि एक बूच

शुक्रवार

फ्रँकफर्टहून पोर्तोला विमानानं तीनेक तास लागतात. "त्या चढउतारात मला कुठं फिरवताय, जा तुम्ही दोघं," म्हणत आई नातीजवळ थांबली आणि मी नि बाबा निघालो. तिकीट स्वस्त मिळालं, समुद्र जवळ आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्या गावाच्या नावावरून एका दारूला नाव पडलंय तिथं बापाला घेऊन चाललेय, हे तिकीट काढून झाल्यावर लक्षात आलं.

बाबांनी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून चौतीस वर्षं काढली. मळीपासून किती लाख लिटर स्पिरिट त्यांच्या डोळ्यांदेखत टाक्यांत पडलं असेल याचा हिशोब ते आजही तोंडी सांगतील. पण स्वतः कधी घोटभर घेतली नाही. मी मात्र घेते, अधूनमधून. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही बोलत नाही. ते दोघं तीन महिन्यांसाठी यायचे होते त्याच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या बाटल्या तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवल्या होत्या. वय वर्षं एकोणचाळीस.

विमानतळावरून मेट्रोची जांभळी लाइन अर्ध्या तासात त्रिंदाद स्टेशनात सोडते. तिथून खोलीपर्यंत दहा मिनिटांची चाल, पण ती दहा मिनिटं उताराची. सगळं गाव ग्रॅनाइटचं. फरसबंदी इतकी गुळगुळीत झालेली की बाबा पहिल्याच वळणावर चपला काढून बूट घालायला थांबले.

जेवायला खोलीच्या मालकिणीनं सांगितलेल्या 'ताश्का'त गेलो. ताश्का म्हणजे साधी खाणावळ. आठ टेबलं, वर कागद अंथरलेला, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल. आम्ही बसतोय तोच वेटरनं पाव, लोणी आणि ऑलिव्हची वाटी आणून ठेवली. बाबांनी दोन ऑलिव्ह तोंडात टाकले तेव्हा मला आठवलं, म्हटलं, "बाबा, हे फुकट नसतं. ह्याला कुव्हेर म्हणतात. खाल्लं तर बिलात लागतं, नाही खाल्लं तर परत नेतात."

बाबांनी चावायचं थांबवलं. "दोनच खाल्ले. दोनांचे लावतील का वाटीचे?"

वाटीचे लावतात. मग आम्ही वाटी संपवली.

पोर्तुगालमध्ये जाणाऱ्यानं ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न मागवता आलेल्या ताटलीला हात लावला नाही तर तिचे पैसे द्यावे लागत नाहीत, पण ती ताटली समोर येते मात्र नेमकी भूक लागलेली असताना. दुसरी गोष्ट: मेन्यूवर 'दोझ' आणि 'मेया दोझ' असे दोन दर असतात. मेया म्हणजे अर्धी, आणि ही अर्धी प्लेट एका माणसाला पुरून उरते. मी आपली दोघांना म्हणून दोन पूर्ण मागवायला निघाले होते. वेटरनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि काही न बोलता वहीत एकच लिहिलं.

आधी काल्दो व्हेर्द आलं. केसासारख्या बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं, बटाटा घोटून दाट केलेलं सूप. वर सॉसेजची चकती असते ती आम्ही घालू नका म्हणून सांगितलं होतं. बाबांनी मेन्यूतला शब्द वाचून दाखवायला लावला. 'कोव्ह'. आपला कोबी. आणि 'बताता' तर सांगायलाच नको. मग आला बकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. हा दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात तेव्हा कुठं खाण्याजोगा होतो. गोम्स द सा नावाच्या पोर्तोच्याच माणसाची ही पद्धत: माशाचे पापुद्रे, बटाटा, भरपूर परतलेला कांदा, उकडलेलं अंडं, काळे ऑलिव्ह, आणि सगळ्यावर ऑलिव्ह तेलाची सढळ धार. सुक्या माशाचा उग्रपणा असेल म्हणून बाबांनी चमचा जपून घातला. उग्र काहीच नव्हतं. अर्ध्या तासानं ते पावाच्या तुकड्यानं भांड्याच्या कडा पुसत होते.

पण त्याआधी पिण्याचा प्रश्न आला. वेटरनं विचारलं, मी म्हटलं पाणी. तो खरोखरच दुखावलेला दिसला.

बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढं लांब येऊन पाणी काय पितेस? मागव की तुला काय हवं ते."

"नको, तुम्ही…"

"तांदळाच्या डब्यामागचं मी पहिल्याच आठवड्यात पाहिलंय. आईनंही पाहिलंय. डबा पुढं आलाय म्हटल्यावर मागं काहीतरी असणारच की."

आम्ही अर्धा लिटरचा जग मागवला. व्हिन्यो व्हेर्द. व्हिन्यो म्हणजे वाइन, व्हेर्द म्हणजे हिरवी, पण रंग हिरवा नसतो. कोवळी, लवकर प्यायची म्हणून तसं नाव. पोर्तोच्या उत्तरेला मिन्योच्या पावसाळी भागात होते. हलकी, आंबटसर, जिभेवर किंचित चुरचुरणारी. बाबांनी माझा ग्लास घेतला, हलवला, नाकाशी धरला, आणि परत माझ्यासमोर ठेवला. "दहा टक्के. फार तर साडेदहा." बाटली असती तर लेबल पाहता आलं असतं. जगाला लेबल नसतं, त्यामुळे त्यांचं बरोबर निघालं की चूक ते कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून शंकेला जागा नव्हती.

शनिवार

सकाळी साओ बेंतू स्टेशन. गाडी पकडायची नसली तरी आत जावं. १९१६ साली सुरू झालेल्या या स्टेशनच्या दालनात जॉर्ज कोलासू या चित्रकारानं रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत, सुमारे वीस हजार. लढाया, लग्नं, जत्रा, सगळं निळ्यात. एका भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या सेउता बंदरावरची १४१५ ची मोहीम आहे. ती लक्षात ठेवा, दुपारच्या जेवणात लागते.

तिथून बोल्याव मंडईत. १९१४ ची लोखंडी-दगडी मंडई, बरीच वर्षं दुरुस्तीला बंद राहून २०२२ मध्ये परत उघडली. मासळीवाल्या बायका गिऱ्हाइकाला हाका मारत होत्या आणि त्यांच्या पलीकडेच लोक ग्लास हातात घेऊन उभ्या उभ्या चीज खात होते. सकाळचे साडेदहा. बाबांनी घड्याळ बघितलं, पण बोलले नाहीत.

दुपारी एका फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं: त्रिपश. म्हणजे वजडी. पांढऱ्या घेवड्याबरोबर मंद आचेवर शिजवलेली, आणि या गावची ओळखच. पोर्तोच्या माणसाला बाकी पोर्तुगाल 'त्रिपेइरू' म्हणतो, वजडीखाऊ. गोष्ट अशी सांगतात की सेउताच्या मोहिमेला निघालेल्या जहाजांना गावानं चांगलं मांस सगळं देऊन टाकलं आणि स्वतःसाठी आतडी-कोथळे तेवढे ठेवले. खरंखोटं देव जाणे, पण माणसं हे नाव शिवी म्हणून घेत नाहीत, मिरवतात. बाबांना बोकडाची वजडी प्रिय. त्यांनी उत्साहानं वेटरला विचारायला लावलं, कशाची? वासराची. मग आम्ही दोघांनी भाजलेल्या सार्डिन घेतल्या. शेजारच्या टेबलावरचा वजडीचा वास मात्र बाबा जेवण संपेपर्यंत घेत होते.

तिसऱ्या प्रहरी पूल. दों लुईश पूल १८८६ चा, दोन मजली. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि माणसं जातात, खालून मोटारी. आयफेलचा एकेकाळचा भागीदार तेओफिल सेरिग याचं डिझाइन. आम्ही वरून गेलो. खाली दोरू नदी, अलीकडे एकमेकांवर रेलून उभी असल्यासारखी रिबेरा या नदीकाठच्या वस्तीची रंगीत घरं, आणि पलीकडच्या काठावर लांबच लांब लाल कौलांची गोदामं. छपरांवर दारूच्या कंपन्यांची नावं: सँडमन, टेलर्स, ग्रॅहम्स. पोर्ट वाइनचं नाव पोर्तोचं, पण ती मुरते पलीकडच्या गाया गावात, आणि द्राक्षं तर नदीनं बरंच वर, आत डोंगरात पिकतात. तिथं उन्हाळा कडक. गायाला समुद्राची ओल आणि गारवा, म्हणून पिपं इथं आणून ठेवायची. पूर्वी ती नदीतून सपाट बुडाच्या राबेलू होड्यांनी यायची. आता वाइन टँकरनं येते आणि होड्या काठाला जाहिरातीपुरत्या बांधलेल्या आहेत.

एका तळघराची तासाभराची फेरी आधीच आरक्षित केली होती. बाहेर ऊन, आत एकदम अंधार, ओल आणि लाकूड-दारू-माती यांचा एकत्र वास. बाबा दारातच थांबले. दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं त्यांना त्रास होतोय.

"गोडाऊनचा वास," ते म्हणाले. "आमच्याकडं एवढा चांगला यायचा नाही."

गाइड मुलगी पंचविशीची, इंग्रजी छान. द्राक्षं पूर्वी ग्रॅनाइटच्या हौदांत पायानं तुडवत, आजही काही उंची पोर्टसाठी तुडवतात, असं तिनं सांगताच बाबांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "पाय धुऊन ना?" मग ती लाकडी बॅरलवर हात ठेवून म्हणाली, हिला आम्ही 'पीपा' म्हणतो, साडेपाचशे लिटरची.

"पीप!" बाबा एकदम मोठ्यानं म्हणाले. सगळी रांग मागं वळली. "अगं, पीप! आपलं पीप!"

कोबी-बटाटा ठीक होतं, ते शाळेत शिकलेलं. पण पीप हा त्यांचा स्वतःचा शब्द. आयुष्यभर वापरलेला, आणि ज्यांचा होता त्यांच्याच तळघरात तो असा अचानक भेटला. बाबांनी पुढं होऊन त्या पिपाला दोनदा थापटलं, म्हशीच्या पाठीवर थापटतात तसं.

यानंतर गाइडचे खरे हाल सुरू झाले. पोर्टचं मर्म असं: रस दोन-तीन दिवस आंबू देतात आणि साखर अर्धीअधिक शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचं कडक स्पिरिट ओततात. त्यानं यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोडही असते आणि कडकही. इंग्लंडनं १७०३ च्या तहानं पोर्तुगीज वाइनवरची जकात उतरवली, मागणी वाढली, समुद्रप्रवासात माल टिकावा म्हणून व्यापारी ब्रँडी घालू लागले, तिथून ही रीत रुजली. भेसळ इतकी माजली की १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं दोरूच्या मळ्यांची हद्द ठरवून दिली आणि पुढं ग्रॅनाइटचे खांबही रोवले. गाइड हे सांगत होती तेव्हा बाकीचे फोटो काढत होते आणि बाबा हात वर करून उभे होते.

स्पिरिट किती टक्क्यांचं? सत्त्याहत्तर. किती रसात किती? एका पिपात ४३५ लिटर रस, ११५ लिटर स्पिरिट. आंबणं थांबवता तेव्हा रसात अल्कोहोल किती झालेलं असतं? ती जरा थांबली. पाच-सहा असेल, म्हणाली.

चाखायच्या टेबलावर बाबांनी ग्लासाखालचा कागद ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं. ११५ लिटरच्या सत्त्याहत्तर टक्के, ८८.५५. ४३५ च्या पाच टक्के, २१.७५. बेरीज ११०.३०. भागिले ५५०. "वीस पूर्णांक शून्य पाच. मिसळल्यावर आकुंचन होतं थोडं, ते सोड." आणि बाटली फिरवून लेबल माझ्याकडं केलं: २० टक्के. कालच्या जगाचंही मग बरोबरच असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात गाइडनं सांगितलं की पिपातली थोडी वाइन दर वर्षी हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळे 'आहा' म्हणाले. बाबा मराठीत म्हणाले, "एक्साईजचा माणूस चोवीस तास बसलेला असायचा आमच्या इथं. ह्या देवदूतांची नावं-पत्ते मागितले असते त्यानं."

समोर तीन ग्लास होते. पांढरी, रुबी आणि दहा वर्षांची टॉनी. रुबी मोठ्या टाक्यांत हवेपासून जपलेली, म्हणून लाल आणि फळासारखी. टॉनी लहान पिपांत वर्षानुवर्षं लाकडातून श्वास घेत बसलेली, म्हणून रंग उतरून तपकिरी झालेला. मी रुबी संपवली. बाबांनी टॉनीचा ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ तसेच बसले. मग ओठ लावले. घोट म्हणावा इतकंही नाही, पण लावले.

"काकवी," ते म्हणाले. "काकवीत अक्रोड टाकलाय."

मी आजवर वाइनची जितकी वर्णनं वाचली त्यात इतकं नेमकं एकही नव्हतं. निघताना त्यांनी स्वतःहून टॉनीची अर्धी बाटली घेतली, ३७५ मिलीची. पैसेही मला देऊ दिले नाहीत.

रात्रीचं जेवण थोडक्यात उरकते, कारण ते तेवढ्याच लायकीचं होतं. नदीकाठी, पुलावरचे दिवे दिसतील असं टेबल, सात भाषांतला मेन्यू, कोमट भात आणि रबरी ऑक्टोपस. बिल कालच्या तिप्पट. नदी दिसते त्या बाजूनं दोन गल्ल्या वर चढून जेवावं. मला हे माहीत होतं, पाय दुखत होते म्हणून बसले.

खोलीवर आल्यावर दुसरा घोळ लक्षात आला. आमचं सामान केबिनपुरतं, आणि केबिनमध्ये शंभर मिलीच्या वर द्रव नेऊ देत नव्हते. मी दर महिन्याला विमानानं फिरणारी बाई, आणि हे दुकानात सुचलं नाही. बाबांनी बाटली उजेडात धरली. "मग काय, संपवायची," म्हणाले. "टाकायची नाही."

टॉनीच्या बाटलीला ओपनर लागत नाही. वर काळी टोपी, खाली बूच, हातानं फिरवून निघतं. खोलीत दात घासायचे दोन काचेचे पेले होते. बाबांनी धुतले, पुसले, आणि दोन्हींत बोटबोटभर ओतली, दोन्हींची पातळी डोळ्यांसमोर धरून जुळवली.

"तुम्ही कधीच का घेतली नाही?" मी विचारलं. चाळीस वर्षांत न विचारलेली गोष्ट, पेला हातात आल्यावर सुटली.

ते खिडकीकडं बघत होते. "पगाराच्या दिवशी गेटवर बायका उभ्या असायच्या. कामगारांच्या. नवरा बाहेर पडला की पहिल्यांदा त्याचा खिसा हातात यावा म्हणून. तू लहान होतीस. मी स्कूटरवरून त्यांच्यामधनं जायचो. त्या मला नमस्कार करायच्या." पेला थोडा फिरवला. "आत बनवत होतो मी."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आणि ही भारी, मुरलेली, म्हणून वेगळी असं काही नाही हं. वीस टक्के म्हणजे वीस टक्के."

मग तो पेला त्यांनी सावकाश संपवला. मला वाटतं पाऊण तास लागला.

रविवार

पाऊस रात्रीच येऊन गेला होता. फरशी ओली, आकाश धुतलेलं. बाटलीत निम्मी शिल्लक. बाबांनी ती टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत घातली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून चार पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्डच्या छोट्या टार्ट, आणि दोन कागदी कप घेतले, आणि पूल ओलांडून पलीकडच्या जार्दीं दो मोरूच्या बागेत गेलो. तिथून सगळं पोर्तो एका नजरेत दिसतं. संध्याकाळी इथं सूर्यास्ताला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. सकाळी आम्ही, एक कुत्रा आणि त्याचा मालक.

नाताचा वरचा थर करपलेला असावा लागतो, तसा होता. आतलं कस्टर्ड अजून कोमट. पापुद्रे बाबांच्या स्वेटरवर पडत होते. त्यावर दालचिनी आणि मधे टॉनीचा घोट: हे मी कुणालाही, कुठल्याही वेळी सुचवीन. बाबांनी दुसरा नाता अर्धा मोडून माझ्या कागदावर ठेवला, तेव्हा मी माझ्या कपातली थोडी त्यांच्या कपात ओतली. त्यांनी नको म्हटलं नाही. नदीवरून एक राबेलू होडी पर्यटकांना घेऊन चालली होती. बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस." मग विचार करून म्हणाले, "नको, मीच सांगतो. तू सांगितलंस तर वाढवून सांगशील."

बाटली काचेच्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत गेली.

विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये बाबांनी एकेक वस्तू काढून ठेवली. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, पेन, गायाच्या तळघरातला घडी केलेला हिशोबाचा कागद आणि काळ्या टोपीचं बूच. मशीनपलीकडच्या बाईनं ते बूच उचललं, उलटसुलट केलं, बाबांकडं पाहिलं, आणि हसून नाकाशी नेलं.

"टॉनी," ती म्हणाली.

"दहा वर्षं," बाबा मराठीत म्हणाले, आणि हात पुढं केला.